मोडी पत्रांच्या प्रतिकृती वर्गात नेल्या, पण मुले फक्त लिप्यंतर वाचतात: काय करावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी आणि आठवीला इतिहास शिकवते. 'इतिहासाची साधने' हा पाठ आला की दरवर्षी मला एकच गोष्ट टोचते. भौतिक, लिखित आणि मौखिक हे साधनांचे प्रकार मुले घडाघडा म्हणून दाखवतात, ताम्रपट, बखरी, फर्माने अशी उदाहरणेही देतात, परंतु ज्याला आपण साधन म्हणतो अशी एकही वस्तू त्यांच्या हातात कधी आलेली नसते. म्हणून या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पेशवेकालीन मोडी पत्राची एक चांगली छायाप्रत मिळवली, तिच्या बारा प्रती काढल्या आणि मागच्या बाजूला त्याच पत्राचे देवनागरी लिप्यंतर छापून घेतले. वर्गात सेहेचाळीस मुले आहेत, त्यामुळे साधारण चार जणांत एक प्रत आली.

पहिला मिनिटभर वर्गात जी शांतता होती ती मी कधी विसरणार नाही. सगळी डोकी कागदावर वाकली होती आणि एक मुलगा शिक्क्याच्या वर्तुळावरून हळूहळू बोट फिरवत होता. मग कुणीतरी कागद उलटला, मागे देवनागरी आहे हे त्याच्या लक्षात आले आणि दोन मिनिटांच्या आत बाराही गटांचे कागद पालथे झाले. मी काढलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी बिनचूक दिली, परंतु ती सगळी उत्तरे लिप्यंतरातून आली होती. तास संपल्यावर कागद गोळा करताना मला वाटले, की हे लिप्यंतर फळ्यावर लिहिले असते तरी एवढेच झाले असते.

माझे प्रश्न असे आहेत. लिपी वाचता येत नसेल तर मुलांच्या दृष्टीने प्रतिकृती म्हणजे नुसते चित्रच राहते का? लिप्यंतर द्यायचेच नाही असे ठरवले, तर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पत्रातला मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा कसा? आमच्या एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे, की कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवावा आणि कडा जराशा जाळाव्यात, म्हणजे मुलांना तो 'खरा' वाटेल. माझे मन त्याला तयार होत नाही, पण का होत नाही हे मला नीट सांगताही येत नाही. शेवटचे म्हणजे, आपल्या नाशिकच्याच इतिहासातील कोणते कागद किंवा लेख या वयाच्या मुलांसाठी योग्य ठरतील? ज्यांनी वर्गात असे काही करून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


रुमाल

मी शिक्षक नाही. मोडी वाचनाचे काम मात्र अनेक वर्षे केले आहे, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून पाहण्यात आयुष्यातील पुष्कळ दुपारी गेल्या आहेत. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कागदांचा गठ्ठा ज्या कापडात बांधलेला असतो त्याला रुमाल म्हणतात, आणि त्यावरून त्या गठ्ठ्यालाही.) आपला अनुभव वाचून मला वाईट वाटले नाही, उलट त्या पहिल्या मिनिटाबद्दल आनंद वाटला. तो मिनिट दहा मिनिटांपर्यंत लांबवता येतो. मात्र त्यासाठी प्रश्न असे हवेत, की ज्यांचे उत्तर लिप्यंतरात सापडणारच नाही.

मोडी पत्रात न वाचताही दिसणाऱ्या गोष्टी किती आहेत ते पाहा. सर्वांत आधी ती आडवी रेघ. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. देवनागरीत आपण अक्षर काढून शेवटी शिरोरेघा देतो, त्याच्या हे अगदी उलट आहे. मुलांना ही गोष्ट सांगू नये. 'आधी रेघ की आधी अक्षर?' एवढेच विचारावे आणि भिंगातून पाहू द्यावे. दुसरी गोष्ट शाईची. बोरू दौतीत बुडवला की पहिली काही अक्षरे गडद येतात, मग ती फिकी होत जातात आणि पुन्हा एकदम गडद होतात. प्रत चांगली असेल तर लिहिणाऱ्याने एका ओळीत किती वेळा बोरू बुडवला हे मुले मोजू शकतात. त्या क्षणी कागदामागे एक हात आहे, तो माणूस बसून लिहीत आहे, हे त्यांना कळते, आणि तेही कुणी न सांगता.

तिसरी गोष्ट शिक्क्यांची. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याशी 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब असते. पेशवाईच्या कागदांवर त्याच जागी 'लेखनसीमा' असा शिक्का आढळतो. मुलांना विचारावे, की शेवटचा शिक्का नेमका शेवटच्या अक्षराला लागूनच का उमटवला असेल? सातवीतले मूल थोड्या वेळाने स्वतःच सांगते, की पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. लांब पत्रात कागदाला कागद चिकटवलेला असतो आणि त्या सांध्यावर मागून शिक्का मारलेला असतो, तोही याच काळजीपोटी. म्हणून आपल्याला एक सूचना करतो: मिळाली तर पत्राच्या मागच्या बाजूचीही छायाप्रत घ्यावी आणि ती प्रतिकृतीच्या मागेच छापावी. लिप्यंतराची ती जागा नव्हे.

लिप्यंतराबद्दल मात्र मनात अपराधी भाव ठेवू नये. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने जे बावीस खंड काढले, किंवा इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दफ्तराचे जे पंचेचाळीस भाग छापले गेले, ते देवनागरीतच आहेत, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे बहुतेक अभ्यासक पत्रे त्यांतूनच वाचतात. लिप्यंतर हे प्रामाणिक साधन आहे. प्रश्न फक्त ते कधी द्यायचे याचा आहे. माझ्या मते तासिकेची पहिली बारा मिनिटे फक्त कागद, मग लिप्यंतराची वेगळी पट्टी, आणि तीही सबंध पत्राची नको. मायना, तारीख आणि मधली चार वाक्ये पुरतात. पट्टी शब्दांमध्ये जागा न सोडता छापावी, कारण मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. मुलांना शब्द स्वतः तोडू द्यावेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, त्यामुळे 'सुत' आणि 'सूत' एकच दिसतात, हेही याच वेळी सांगता येईल. वाचणारा संदर्भावरून ठरवतो, म्हणजे लिप्यंतर करणारा प्रत्येक ओळीत काही निर्णय घेत असतो, हे मुलांना तिथे समजते.

तारखेसाठी स्वतंत्र पाच मिनिटे ठेवावीत, त्यांना फार आवडते. पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन (त्या काळची एक कालगणना) अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो: 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. बेरीज 1161. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1760 येते आणि, सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे, पुढच्या जानेवारीतल्या पत्राला 600 मिळवावे लागतात. फळ्यावर 1761 आकडा उमटल्यावर वर्गातून 'पानिपत!' असा आवाज येतो, आणि तो मुलांनी स्वतः काढलेला असतो.

चहाच्या पाण्याबद्दल. आपले मन तयार होत नाही ते बरोबरच आहे. पत्र ज्या दिवशी ज्याच्या हाती पडले त्या दिवशी ते पिवळे नव्हते, त्याच्या कडाही जळलेल्या नव्हत्या. ते कोरे करकरीत होते आणि कदाचित त्यात वाईट बातमी होती. कागद डागाळून आपण मुलांना पत्राच्या जवळ नेत नाही. जुनेपणा म्हणजे पिवळेपणा, एवढीच समजूत पक्की करतो, आणि बनावट कागद विकणारे नेमके त्याच समजुतीवर जगतात.


अंजनेरी रस्ता

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत होऊन नाशिकच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या शहराजवळ, पांडवलेण्यात, इतका समृद्ध लेखसमूह असताना पहिले उदाहरण पुण्याच्या दफ्तरातून आणण्याची गरज नाही असे माझे मत आहे. दहाव्या लेण्याच्या ओसरीतील उषवदाताचा 42 व्या वर्षाचा लेख मी सलग सहा वर्षे आठवीच्या मुलांसमोर ठेवत आलो आहे. 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात सेनार यांनी नाशिकचे लेख ठशांसह (म्हणजे दगडावरील अक्षरांच्या कागदावर घेतलेल्या छापांसह) प्रसिद्ध केले आहेत. त्या ठशाची मोठी छापील प्रत मी वापरतो.

ब्राह्मी लिपी मुलांना येत नाही, भाषा प्राकृत आहे, म्हणजे अडचण मोडीपेक्षा दुप्पट. तरी मी त्यांना ठशाच्या खाली फक्त देवनागरीत उतरवलेली ओळ देतो, अर्थ देत नाही: 'इमं लेणं नियातितं'. काही क्षण कुणी बोलत नाही आणि मग कुणीतरी म्हणते, 'सर, लेणं!' सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या दगडावर त्यांच्या आजीच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा आहे. त्यानंतर मी 'वीसाय' आणि 'बारसक' हे शब्द देतो. वीस आणि बारा ओळखायला वेळ लागत नाही. 'पायून' हा शब्द अवघड जातो, पण दरवर्षी एखादे मूल पाऊणपर्यंत पोहोचतेच, विशेषतः ज्याच्या घरी दुकान आहे ते.

मग खरा भाग येतो, तो गणिताचा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, द्यायचे. एवढी माहिती दिल्यावर मी एकच प्रश्न विचारतो: हा एक टक्का वर्षाचा की महिन्याचा? लेखात ते सांगितलेले नाही.

मुले वह्या उघडतात. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दोन हजारांवर वर्षाला एक टक्का धरला तर हाती येतात वीस, आणि वीस भिक्षूंना एकेकच कार्षापण मिळेल. महिन्याला एक टक्का धरला तर महिन्याचे वीस, वर्षाचे नेमके दोनशे चाळीस. हिशोब पै-पैशाने जुळतो. दगडावर न लिहिलेली गोष्ट दगडावरच्या आकड्यांतून आपण काढली, हे जेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला कळते तेव्हा त्याला साधनाची व्याख्या सांगण्याची गरज उरत नाही. उरलेल्या हजारांचे व्याज वर्षाला नव्वद होते, तेही काही जण न सांगता काढतात.

ठसा समोर असण्याचा उपयोग काय, असा प्रश्न इथे कुणी विचारेल, कारण गणित तर फळ्यावरही झाले असते. उपयोग असा, की मी मुलांना ठशावर 42 हा आकडा शोधायला लावतो. तो चार आणि दोन अशा अंकांनी लिहिलेला नाही. चाळीससाठी एक चिन्ह आहे आणि दोनसाठी दुसरे, आणि शून्याची गरजच पडत नाही. हे डोळ्यांनी पाहावे लागते. लिप्यंतरात आपण सरळ 42 लिहून ती गोष्ट पुसून टाकतो.

या लेखात आणखी एक शब्द आहे, ज्यावर मी स्वतः फार विचार केला आहे: 'फलकवारे'. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले गेले आणि फलकावर नोंदवले गेले, असे लेखच सांगतो. म्हणजे अधिकृत नोंद वेगळी होती आणि भिंतीवरचा लेख हा त्या व्यवहाराची सर्वांना दिसणारी प्रत आहे. आपण ज्याला मूळ म्हणून नमस्कार करतो त्याच्याही मागे एक दस्त होता, आणि तो नाहीसा झाला. प्रतिकृती दाखवताना 'हे काही खरे नव्हे' असा संकोच ज्यांना वाटतो, त्यांनी हा शब्द अवश्य लक्षात ठेवावा. पेशवे दफ्तरातही अस्सल आणि तालीक हा भेद असतो, आणि तालीक म्हणजे नक्कलच. अस्सल हरवून फक्त तालीक उरली असेल तरी आपण तिच्यावर इतिहास लिहितो.

जोडीला तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखातले एकच विशेषण द्यावे. तिच्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, तिथे क्षहरात वंशाचा, म्हणजे नहपानाच्याच वंशाचा, समूळ नाश करणारा म्हटले आहे. आईने केलेली स्तुती पुरावा म्हणून कितपत धरायची, असे मुले विचारतात, आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून नाण्याचे छायाचित्र समोर ठेवावे. 1906 साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसऱ्याची चिन्हे उमटलेली ती नाणी पाहिली, की लेखातील शब्द आणि धातू एकच गोष्ट सांगतात हे कळते. अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे, तिथे सहल नेता येते.

एक कळकळीची विनंती: लेण्यात नेल्यावर मुलांना शिलालेखावर कागद दाबून पेन्सिल घासू देऊ नये. ते संरक्षित स्मारक आहे, आणि अक्षरांच्या कडा आधीच झिजल्या आहेत. ठसे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतले गेले आहेत, ते वापरावेत.


जेलरोड

माझे वडील आणि आजोबा दोघेही नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, म्हणून वेगळ्या बाजूने दोन गोष्टी लिहिते. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 साली सुरू झाला आणि भारताची टपाल तिकिटे, मुद्रांक, स्टॅम्प पेपर इथे छापले जाऊ लागले. नाशिकमधील पुष्कळ घरांत आजही जुनी खरेदीखते, गहाणखते पेटीत ठेवलेली आहेत. मुलांना घरून अशा दस्ताचे फक्त छायाचित्र आणायला सांगावे. मूळ कागद शाळेत आणू देऊ नये, आणि नावे व गट क्रमांक झाकून घ्यावेत. 1947 पूर्वीच्या आणि नंतरच्या स्टॅम्प पेपरवरील चित्र शेजारी ठेवले तर राज्य बदलले म्हणजे काय झाले, हे एका नजरेत दिसते, आणि दोन्ही कागद आपल्याच गावात छापलेले असू शकतात, याचे मुलांना फार अप्रूप वाटते. नोटांच्या प्रती मात्र हौसेनेही काढू नयेत, तो गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट छपाईची. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या काळ्यापांढऱ्या यंत्रात कागदाचा डाग आणि शाई दोन्ही काळे होतात आणि फिका शिक्का नाहीसा होतो. रंगीत प्रत काढावी, मूळ आकारात काढावी, आणि चकचकीत कागद टाळावा. लॅमिनेशन केल्यास कागद टिकतो, पण मुले तो उजेडाकडे धरून पाहत नाहीत. आमच्या घरी कागद हातात आला की आधी उजेडाकडे धरायची सवय होती.


तासिका चौथी

मीही शिक्षक आहे, नाशिकजवळच्या तालुक्यातील शाळेत, आणि वरील दोन्ही मोठ्या प्रतिसादांचा आदर ठेवून थोडी असहमती नोंदवतो. रुमाल यांनी सुचवलेली बारा मिनिटे चांगल्या वाचनाची सवय असलेल्या मुलांना झेपतात. माझ्या वर्गात देवनागरी परिच्छेदही अडखळत वाचणारी दहा-बारा मुले असतात, आणि न कळणाऱ्या लिपीसमोर त्यांना बसवून ठेवले तर 'आपल्याला काहीच येत नाही' ही त्यांची जुनी भावनाच घट्ट होते. नवल असे, की शाईची गडद-फिकी अक्षरे मोजण्यात हीच मुले सर्वांत पुढे असतात. तेव्हा बारा मिनिटांतली पहिली पाच अशा मोजण्याच्या कामाला द्यावीत आणि त्या गटांचे निरीक्षण फळ्यावर सर्वांत आधी लिहावे, म्हणजे पुढचा धीर त्यांना येतो. चहाच्या कागदालाही मी पूर्णपणे वाईट म्हणणार नाही. स्नेहसंमेलनात किंवा नाटुकल्यात तो शोभतो. फक्त ज्या कागदावर आपण 'पुरावा' हा शब्द उच्चारणार आहोत, त्या कागदावर कोपऱ्यात 'प्रतिकृती' असे स्पष्ट छापलेले असावे, आणि मूळ कुठे आहे, आकार तोच आहे की लहान केला आहे, हेही.

नाशिकच्या आधुनिक काळाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या पुस्तकात एका परिच्छेदात येतो, आणि मुलांचा समज असा होतो, की देवाच्या दर्शनासाठीच तो सगळा झगडा होता. डॉ. आंबेडकरांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झालेली आहेत. त्यांपैकी 1934 सालच्या एका पत्रात ते सांगतात, की दलित वर्गाने मूर्तिपूजक व्हावे म्हणून मी ही चळवळ सुरू केली नव्हती. त्या वर्गात चैतन्य आणण्याचा आणि त्याला आपल्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो मला उत्तम मार्ग वाटला. मूळ पत्र इंग्रजीत आहे. मी मराठी अनुवाद वाचून दाखवतो आणि मग विचारतो, की हे पत्र कुणाला लिहिले आहे, आणि जाहीर सभेत हेच शब्द आले असते का? नेता आपल्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्याला जे लिहितो ते आणि पुस्तकात येते ते यांतले अंतर मुलांना तिथे दिसते. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. पत्र वाचलेल्या मुलांना ती अचानक झालेली वाटत नाही. हा विषय घेताना वर्गातील सर्व मुलांची घरे शिक्षकाच्या डोळ्यासमोर असली पाहिजेत. मी हे पत्र कधीही तास संपताना घाईत काढत नाही.

आणि ज्यांना 'ध चा मा' वर मुले हमखास प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी: आनंदवल्ली आपल्या गंगापूर रस्त्यावरच असल्यामुळे ती गोष्ट इथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. ती खरी की खोटी यावर वाद घालण्यापेक्षा मी मुलांना मोडीतील 'धरावे' आणि 'मारावे' दोन्ही लिहायला लावतो. मग लक्षात येते, की एक अक्षर बदलून भागत नाही, काना घालायला जागाही लागते, आणि सलग लिहिलेल्या ओळीत ती जागा कुठून येणार? तो कागद आपल्याला कुणी दाखवला तर आपण त्यात काय काय तपासू, याची यादी मुलेच करतात.


गोदाकाठ (पुढील नोंद)

सर्वांचे मनापासून आभार. काल सातवी ब मध्ये तेच मोडी पत्र पुन्हा घेतले. या वेळी मागची बाजू कोरी ठेवली, 'तासिका चौथी' सरांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात मोजण्यापासून केली आणि 'जेलरोड' ताईंच्या सूचनेनुसार प्रती रंगीत आणि मूळ आकारात काढल्या. चार गटांनी तिसऱ्या ओळीत बोरू तीन वेळा बुडवला आहे असे सांगितले आणि एका गटाने चार वेळा. त्यावरून वाद झाला. दोन्ही बाजूंची मुले कागद घेऊन खिडकीशी गेली, तिथेच उभी राहिली, आणि तासाची घंटा झाली तरी परत आपल्या जागी आली नाहीत. शेवटच्या ओळीतील अक्षर बाकीच्यापेक्षा वेगळे आहे, ते दुसऱ्या माणसाचे असावे, हे मला स्वतःला इतके दिवस दिसले नव्हते. ते एका मुलीने दाखवले. ही मुलगी वर्गात सहसा बोलत नाही. लिप्यंतराची पट्टी मी शेवटच्या दहा मिनिटांत दिली. मायना त्यांनी तोडून वाचला, बाकीचे राहिले.

आज आठवीत उषवदाताचे गणित केले. 'लेणं' ओळखले गेले, 'पायून' कुणाला जमले नाही, ते मीच सांगितले. व्याज महिन्याचे आहे हे निघाल्यावर एका मुलाने विचारले, की विणकरांचा धंदा बुडाला असता तर भिक्षूंच्या कपड्यांचे काय झाले असते, आणि पैसे दोन वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवले ते म्हणूनच का? मी त्याला म्हटले, की लेखात याचे उत्तर नाही, पण तुझा प्रश्न लेखाच्या आकड्यांतूनच निघाला आहे, तो वहीत लिहून ठेव.

रुमाल यांना एक विचारायचे राहिले. माझ्याकडे असलेल्या छायाप्रतीत पत्राची पुढची बाजूच आहे. मूळ कागद लांब असून मधे जोड दिसतो. मागच्या सांध्यावरचा शिक्का मुलांना दाखवायचा असेल, तर अभिलेखागाराकडे मागच्या बाजूच्या प्रतीसाठी अर्ज करताना रुमाल क्रमांकाशिवाय आणखी काय लिहावे लागते, हे कृपया सांगावे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या तुकडीला हाच पाठ घ्यायचा आहे.